दहा बाय दहाच्या खोलीतली व्यायामशाळा: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

दुकानात जाऊन ‘घरी व्यायामाला काहीतरी दाखवा’ म्हटलं की आधी समोर येतो तो ‘20 किलोचा कॉम्बो’. पीव्हीसीच्या आठ प्लेटा, डंबेलचे दोन रॉड, तीन फुटी वाकडा रॉड, हातमोजे, उड्यांची दोरी आणि मुठीत दाबायचा ग्रिपर. ऑनलाइन शोधलं तरी पहिल्या पानावर हाच खोका. स्वस्त असतो, एका फेरीत सगळं घरी येतं, म्हणून खपतोही भरपूर. तरीही ज्यांना अंग जरा घट्ट करायचंय, दम आणि ताकद वाढवायचीय, त्यांनी हा कॉम्बो घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याचं कारण प्लेटांच्या आकड्यांत आहे.

या खोक्यात बहुतेक वेळा दोन किलोच्या चार आणि तीन किलोच्या चार प्लेटा असतात. हलका रॉड नटांसकट एक किलोचा धरा. मग एका डंबेलची वजनं होतात फक्त चार: 1 किलो, 5 किलो, 7 किलो आणि 11 किलो. आता खांद्यासाठी हात दोन्ही बाजूंना उचलायचा साधा व्यायाम घ्या. नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला त्यात एक किलो फारच हलकं पडतं आणि पाच किलो उचलताना खांद्याऐवजी मान आणि कंबर कामाला लागते. मधलं काहीच नाही. दोन आठवडे एक किलोवर घालवायचे, मग पाचवर उडी मारायची, तिथे खांदा धरायचा, आणि खोका पलंगाखाली जायचा. लोक त्याला आळस म्हणतात. खरं तर वजनांना मधल्या पायऱ्याच नसतात.

अंग घट्ट करण्याला जे ‘टोनिंग’ म्हणतात, त्या शब्दाबद्दल एवढंच सांगायला हवं की त्याचा वेगळा असा व्यायाम नसतो. स्नायू थोडे भरतात, त्यांच्यावरचा चरबीचा थर थोडा उतरतो, आणि अंग घट्ट दिसतं. पोटाचे व्यायाम करून नेमकी पोटावरचीच चरबी उतरत नाही. त्यामुळे कमरेला बांधायचे थरथरणारे पट्टे, पोटाला चिकटवायची विजेची पॅडं आणि उभं राहून कंबर फिरवायच्या तबकड्या या तिन्हींवर एक रुपयाही घालवू नये. स्नायू भरायचा तर त्याला दर दोन-चार आठवड्यांनी आधीपेक्षा थोडं जास्त काम द्यावं लागतं. म्हणून घरच्या साधनाची पहिली परीक्षा हीच: एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना वजन किती वाढतं?

सुटी खरेदी: रॉड आणि प्लेटा

त्याच डंबेलची खरेदी सुटी केली तर चित्र बदलतं. चौदा इंची दोन भरीव लोखंडी रॉड घ्या. असा रॉड नटांसकट साधारण दोन किलोचा भरतो. प्लेटा घ्यायच्या त्या अर्ध्या किलोच्या चार, सव्वा किलोच्या चार आणि अडीच किलोच्या चार. प्लेटांचं एकूण वजन 17 किलो, म्हणजे कॉम्बोपेक्षा कमीच. पण एका डंबेलच्या पायऱ्या बघा: 2, 3, 4.5, 5.5, 7, 8, 9.5 आणि 10.5 किलो. आठ पायऱ्या, आणि कुठेही दीड किलोपेक्षा मोठी उडी नाही. बैठका मारताना छातीशी धरायला जड वजन हवं असेल तर सव्वा आणि अडीचच्या सगळ्या प्लेटा एकाच रॉडवर चढवा, 17 किलो होतात. सहा-आठ महिन्यांनी कमी पडायला लागलं की पाच किलोच्या चार प्लेटा आणा, एकेक डंबेल 20 किलोच्या वर जाईल. आधीचं काहीही वाया जात नाही.

अर्ध्या किलोची प्लेट मागितल्यावर दुकानदार हमखास म्हणतो, ‘एवढी छोटी कोण घेतं?’ ती नसेल तर एक किलोच्या चार घ्या, पण छोट्या प्लेटेशिवाय सेट घेऊ नका. सगळ्या सेटमध्ये जास्त वेळा हात जातो तो तिच्याकडेच.

आता प्लेट कशाची घ्यायची. पीव्हीसीची प्लेट म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं कवच आणि आत सिमेंट किंवा वाळूची भर. ती दोन ठिकाणी दगा देते. कोपऱ्यावर आपटली की कवचाला चीर जाते, मग रोज केर काढताना राखाडी भुकटी निघायला लागते आणि वजन हळूहळू कमी होत जातं. दुसरं म्हणजे ती जाड असते. त्याच वजनाच्या लोखंडी प्लेटेच्या दुप्पट जागा खाते, आणि चौदा इंची रॉडवर तीन-चार प्लेटांनंतर नट बसायला आटेच उरत नाहीत. ओतीव लोखंडाची प्लेट पातळ असते, पिढ्यान्‌पिढ्या टिकते, फक्त गंजाकडे लक्ष द्यावं लागतं. रबर चढवलेली प्लेट महाग पडते, पण लादीवर ठेवताना आवाज करत नाही. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी आणि ज्यांच्या घरी बाळ झोपलेलं असतं त्यांनी रबरवालीच घ्यावी. रबराला सुरुवातीला उग्र वास येतो. ओल्या कापडाने पुसून आठवडाभर खिडकीपाशी वाऱ्यावर ठेवली की बहुतेक वास जातो. तरीही डोकं दुखवणारा वास राहिला तर रबर हलकं आहे असं समजा आणि बदलून घ्या.

प्लेटेवर छापलेल्या वजनावर विसंबू नका. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता काटा मिळतो, तो दुकानात घेऊन जा. दोन किलो छापलेली प्लेट दोनशे ग्रॅम इकडे-तिकडे निघणं नवीन नाही. कमी-जास्त असणं एकवेळ चालेल, पण डंबेलच्या दोन बाजूंना वेगळं वजन आलं की मनगट सतत एका बाजूला झुकतं. म्हणून प्लेटा जोड्यांनी तोला आणि जुळणाऱ्या जोड्या निवडून घ्या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

भोक आणि रॉड यांचंही माप बघायला हवं. घरगुती रॉड साधारण 25 ते 28 मिलिमीटर जाडीचे असतात आणि त्यांच्या प्लेटांची भोकं त्याहून जराशी मोठी. जिममधल्या मोठ्या बारच्या प्लेटांना 50 मिलिमीटरचं भोक असतं, त्या या रॉडवर बसत नाहीत. 25 च्या रॉडवर 30 च्या भोकाची प्लेट चढवली तर प्रत्येक उचलीला खडखडते आणि नटावर धक्के बसत राहतात. रॉड आणि प्लेटा एकाच ठिकाणी, एकमेकांत घालून बघूनच घ्या.

नट

रॉडच्या टोकाला ताऱ्याच्या आकाराचा नट असतो. तो हातात घेऊन उलटा करून बघा. आतल्या बाजूला रबराची काळी चकती बसवलेली दिसली पाहिजे. नट आवळला की ही चकती प्लेटेवर दाबली जाते आणि त्या दाबामुळेच नट जागेवर राहतो. स्वस्तातल्या रॉडला ही चकती नसते, किंवा असते ती कडक प्लास्टिकची. मग होतं असं की डंबेल उचलताना मनगट जरा फिरतं, प्लेट रॉडभोवती फिरते, ती नटाला सोबत घेऊन फिरते, आणि पंधराव्या-विसाव्या उचलीला नट दोन आटे सुटलेला असतो. पाठीवर झोपून छातीच्या वर डंबेल धरलेलं असताना तो निघाला तर प्लेट तोंडावर येते. म्हणून उचलींच्या प्रत्येक फेरीआधी दोन्ही नट हाताने आवळायचे, अगदी हात धुण्याइतक्या सवयीने. चकती वर्ष-दोन वर्षांत कडक होते, चपटी होते; नळाच्या सामानाच्या दुकानात त्या मापाची रबरी ओ-रिंग काही रुपयांत मिळते.

आटेही बघा. नट रॉडवर ठेवून बोटाने टिचकी मारली तर तो दोन-तीन वेढे सहज फिरला पाहिजे. मध्येच अडकला तर आटे नीट कापलेले नाहीत, आणि पुढे तुम्ही तो नीट न आवळताच सोडून द्याल.

मुठीच्या जागी फोमचं वेष्टण असलेला रॉड दुकानात मऊ आणि छान वाटतो. पण फोम घाम पितो आणि आतला रॉड गंजतो, बाहेरून दिसतही नाही. खरखरीत जाळी कोरलेली उघडी मूठ घ्या. हाताला सुरुवातीला बोचते, महिनाभरात सवय होते.

तयार डंबेलमध्ये रबराच्या षटकोनी डोक्याची डंबेल्स उत्तम. गडगडत नाहीत, नट नाही, आवळणं नाही. घरात दोघं-तिघं व्यायाम करणार असतील तर 3 आणि 5 किलोची एकेक जोडी जास्त सोयीची, कारण वजन बदलायला कोणी थांबत नाही. घेताना दोन्ही डोकी दोन हातांनी धरून पिळून बघा. किंचितही हललं तर नको. चकती फिरवून वजन बदलणारी महागडी डंबेल्स जागा वाचवतात आणि पायऱ्याही भरपूर देतात, पण त्यांचं आतलं कुलूप नाजूक असतं. एकदा जोरात आदळली की एखादी प्लेट अडकत नाही किंवा सुटत नाही, आणि दुरुस्ती जवळपास कुठेच होत नाही. ज्यांना डंबेल अलगद खाली ठेवायची शिस्त आहे त्यांनीच ती घ्यावीत.

रबरी पट्टे

कमी पैशात, कमी जागेत मिळणाऱ्या साधनांत रेझिस्टन्स बँडला तोड नाही. डंबेलने पाठीचे काही व्यायाम नीट होत नाहीत, विशेषतः वरून खाली ओढायचे. ती उणीव पट्टा भरून काढतो. बंद गोलाचे लांब पट्टे 41 इंचांचे येतात. सुरुवातीला 13 आणि 22 मिलिमीटर रुंदीचे दोन पुरतात, पुढे 32 चा. रंगांना काही अर्थ नाही, एका कंपनीचा लाल दुसऱ्या कंपनीच्या काळ्याइतका असू शकतो. रुंदी आणि जाडी बघा. पट्ट्याची कड जवळून पाहिली तर पुस्तकाच्या पानांसारखे पातळ थर दिसायला हवेत. थरांचा पट्टा खराब होताना आधी कडेला सुटतो, म्हणजे इशारा देतो. साच्यात एकसंध ओतलेला पट्टा इशारा न देता तुटतो.

ओढताना मूळ लांबीच्या अडीच पटीपुढे नेऊ नका. पांढुरक्या रेषा, बारीक भेगा किंवा कडेला खाच दिसली की पट्टा फेकून द्यायचा, गाठ मारून वापरायचा नाही. रबराचे वैरी तीन: ऊन, तेल आणि घाम. खोबरेल लावलेल्या हातांनी पट्टा धरू नका. गॅलरीच्या ग्रिलला अडकवून ठेवलेला पट्टा एक उन्हाळाही काढत नाही. पुसून, वर टाल्कम पावडर भुरभुरवून कपाटात ठेवा. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी खोक्यावरचा मजकूर वाचून टीपीईचा, म्हणजे लॅटेक्स नसलेल्या रबरासारख्या प्लास्टिकचा पट्टा घ्यावा.

सोबत दारात अडकवायची पट्टी मिळते, आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. नियम असा: तुमच्या ओढण्याने दार बंद व्हायला हवं, उघडायला नको. आपल्याकडे बेडरूमचं दार बेडरूमच्या आत उघडतं. म्हणजे दार बंद करून पट्टा ओढायचा तो हॉलच्या बाजूने. बेडरूममध्ये उभं राहून ओढलात तर सगळा ताण लॅचच्या त्या इवल्याशा जिभेवर येतो, आणि ती सुटली की दार आणि पट्टा दोन्ही अंगावर. पट्टी शक्यतो बिजागरीच्या बाजूला अडकवा. बाथरूमचं पीव्हीसीचं दार या कामाचं नाही.

भिंत, स्लॅब आणि खालचा मजला

पुल-अप बार, म्हणजे लटकून अंग वर ओढायचा दांडा, घ्यायच्या आधी आपली भिंत कशाची आहे ते माहीत करून घ्या. ठाण्यातला घोडबंदर रोड, नवी मुंबईतलं खारघर, उलवे या भागांतल्या कितीतरी नव्या इमारतींत आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे लोक ज्याला सिपोरेक्स म्हणतात त्या हलक्या पोकळसर ठोकळ्यांच्या असतात. त्यात साधा अँकर बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो, पण लटकणाऱ्या माणसाचा हिसका त्याला झेपत नाही. ठोकळा आतून भुसभुशीत होतो आणि बार बोल्टसकट बाहेर येतो. ओळखायची खूण सोपी: ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं गेलं आणि पांढरट-करडी मऊ पूड पडली तर एएसी, लाल पूड आली तर वीट, आणि हॅमर ड्रिललाही जोर लावावा लागला तर काँक्रीट. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, ज्यांना मिवान म्हणतात त्या टॉवरमध्ये बऱ्याच भिंती काँक्रीटच्याच असतात, तिथे बार चांगला बसतो. मात्र तिथे वायरिंगचे पाइप भिंतीच्या पोटातच ओतलेले असतात. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. सोसायटीला आधी विचारा, आणि कॉलमच्या सळईला ड्रिल लागलं तर थांबा, जागा बदला.

चौकटीत दोन्ही बाजूंनी दाब देऊन बसणारा दांडा फक्त दाबाच्या भरवशावर वापरू नये. सोबतच्या वाट्या चौकटीला स्क्रूने ठोकाव्यात, तेही चौकट लाकडाची आणि भक्कम असेल तरच. चौकटीच्या वरच्या पट्टीवर अडकणारे बार परदेशी दारांसाठी बनलेले आहेत. आपल्याकडे चौकट बहुधा प्लास्टरच्या पातळीत असते, त्याला अडकायला ओठच मिळत नाही.

नौपाड्यातल्या किंवा वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना हात जोडून एक विनंती: छताला काही टांगू नका. झोपाळ्याचा जुना हूक दिसला म्हणून त्याला बॉक्सिंगची पिशवी किंवा दोरीचे पट्टे अडकवू नका. दमट हवेत वर्षानुवर्षं सळई गंजून फुगलेली असते, प्लास्टर सुटलेलं असतं, आणि दर हिसक्याला ते आणखी सुटतं. बार जमत नसेल तर वर सांगितल्याप्रमाणे पट्टा दाराच्या वरच्या कडेला अडकवून गुडघ्यांवर बसून खाली ओढा. पाठीला काम मिळतं.

स्लॅब वजनाने खचेल ही भीती मात्र अनाठायी आहे. आयएस 875 या भारतीय मानकानुसार घराच्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलोचा भार धरून आखतात. भिंतीपाशी ठेवलेल्या पन्नास किलोच्या प्लेटांचं त्यापुढे काही नाही. प्रश्न येतो आदळण्याचा. व्हिट्रिफाइड लादीखाली सिमेंट सगळीकडे सारखं भरलेलं नसतं. नाण्याने ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येतो तिथे पाच किलोचं डंबेल गुडघ्याइतक्या उंचीवरून पडलं तरी लादी तडकेल. कोड्यासारखे जोडायचे रंगीत ईव्हीए फोमचे तुकडे वजनाखाली दबून खड्डे धरतात. ते पोटाच्या व्यायामाला ठीक. वजनांसाठी 10 ते 12 मिलिमीटर जाडीची दाट काळी रबरी मॅट घ्या, चार बाय सहा फुटांची पुरते. योगासाठी वेगळी 6 मिलिमीटरची. 10-15 मिलिमीटरची गुबगुबीत मॅट एका पायावर उभं राहताना डगमगते, गुडघे दुखणाऱ्यांनी तीच घ्यावी असं मात्र म्हणता येईल. दोरीच्या उड्या फ्लॅटमध्ये नकोत. कितीही जाड मॅट घातली तरी खालच्या घरात धप्‌धप्‌ जातेच. तळमजल्यावर किंवा आवारात मारा.

बेंच

पहिल्या तीन महिन्यांत बेंचची गरज नाही, जमिनीवर झोपूनही छातीचे व्यायाम होतात. नंतर घ्यायचा तर पाठ वर-खाली होणारा घ्या. चौकोनी पाइप 50 बाय 50 मिलिमीटरचा आणि दोन मिलिमीटर जाडीचा असावा. दुकानात पाइपचं उघडं तोंड दिसलं तर जाडी तिथे दिसते, रबरी टोपी काढून बघा. उंची 42 ते 45 सेंटिमीटर, म्हणजे झोपल्यावर पावलं पूर्ण टेकतात. कमी उंचीच्या माणसाने झोपून खात्री करावी, पाय लोंबकळले तर कंबरेत कमान येते. पाठ तिरकी करून तिचं टोक डाव्या-उजव्या बाजूला हलवा. बोटभर हललं तर खिट्टीचं भोक ढिलं आहे, ते वाढतच जाणार. ‘200 किलो क्षमता’ लिहिलेलं असतं त्यात तुमचं स्वतःचं वजनही धरलेलं असतं, हे लक्षात ठेवा. नट आतून निळी किंवा पांढरी नायलॉनची कडी असलेले हवेत, साधे नट महिन्याभरात सैल होतात.

चालायची मशीन आणि सायकल

ट्रेडमिलची चौकशी सगळ्यात जास्त होते, आणि आमच्या यादीत ती सगळ्यात शेवटी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम लागतो. पहिली गरज ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला, नवी मुंबईत नेरुळच्या ज्वेलला किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कला भागते. पैसे दुसऱ्या गरजेवर घाला. पावसाळ्याचे चार महिने उरतात. त्यासाठी इमारतीचा जिना आहे.

तरीही घ्यायचीच असेल, घरी वयस्कर माणूस आहे आणि बाहेर पडणं शक्य नाही, तर मोटरच्या ताकदीचा ‘पीक’ म्हणजे क्षणभरापुरता एचपी विसरा, सलग चालवतानाचा एचपी विचारा. चार एचपीची जाहिरात असते आणि सलगचा आकडा निम्मा निघतो. चालण्यापुरता पट्टा 40 सेंटिमीटर रुंद चालतो, धावायला 45 आणि लांबी 130 च्या पुढे हवी. 16 अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि चांगलं अर्थिंग लागतं, एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. मागे दोन मीटर मोकळे सोडा. पट्ट्याखाली सिलिकॉनचं तेलच घालायचं, खोबरेल किंवा गंज काढायचा स्प्रे घातला की पट्टा आणि फळी दोन्ही जातात. पट्टा उजवीकडे सरकायला लागला तर मागचा उजवा बोल्ट सोबतच्या चावीने पाव वेढा घड्याळाच्या दिशेने आवळा, दोन मिनिटं चालवून बघा, मगच पुढचा पाव वेढा. मधोमध पट्टा हाताने उचलून पाहिला तर दोन-तीन इंच उचलला गेला पाहिजे. ताणून तारेसारखा केला तर बेअरिंग आणि मोटर दोन्हींवर ताण येतो.

फ्लॅटसाठी व्यायामाची सायकल जास्त समंजस. कमी जागा, पावलांचा दणका नाही, पडण्याची भीती नाही. चुंबकाने अडवणारी घ्या, ती नीरव चालते आणि झिजत नाही. चाकावर नमद्याचं पॅड दाबून अडवणारी स्वस्त असते, पण पॅड झिजतं, किंचाळतं, आणि पावसाळी दमट हवेत एकदा घट्ट, एकदा सैल वागतं. सीटची उंची अशी लावा की पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर गुडघा सरळ होईल. मग चवड्याने चालवताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. गुडघे दुखतात म्हणून सायकल बंद करणाऱ्यांपैकी अनेकांची सीटच खाली असते.

गंज

खाडीकाठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, कळवा इथल्या हवेत लोखंड उघडं ठेवलं की जून ते सप्टेंबरात त्यावर तांबूस पूड येतेच. व्यायाम झाला की मूठ कोरड्या कापडाने पुसा. पंधरा दिवसांतून एकदा शिलाई मशीनच्या तेलाचे चार-सहा थेंब कापडावर घेऊन रॉड, आटे आणि उघड्या प्लेटांवरून फिरवा, मग मूठ पुन्हा कोरडी करा, निसटता कामा नये. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवून काही ठेवू नका. बेंचच्या रेक्झिनवर बुरशीचे ठिपके आले तर पुसून पंख्याखाली वाळवा, उन्हात ठेवू नका, रेक्झिन तडकतं.

गंज चढलाच तर घाबरू नका. तारेच्या ब्रशने खरवडा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी धुऊन लगेच पूर्ण कोरडी करा आणि काळ्या ऑइल पेंटचा हात द्या. म्हणूनच जुन्या लोखंडी प्लेटा घ्यायला हरकत नाही. घर बदलणारी कुटुंबं सोसायटीच्या ग्रुपवर त्या निम्म्या भावात काढतात, आणि वीस वर्षं जुनी पाच किलो आजही पाच किलोच असते. जुने पट्टे आणि जुनी चकतीवाली डंबेल्स मात्र नकोत. जुनी ट्रेडमिल बघायला गेलात तर पट्ट्यावर उभं राहून ताशी एक किलोमीटरच्या वेगाने चालू करा. वजनदार माणूस उभा असताना पट्टा थबकत, झटके देत पुढे गेला तर मोटर थकली आहे किंवा फळी झिजली आहे. पट्टा कडेने उचलून खाली हात फिरवा. खालची बाजू काचेसारखी गुळगुळीत लागली तर तो बदलावा लागणार, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. आणि निघण्याआधी आपल्या इमारतीच्या लिफ्टचं दार आणि आतली लांबी टेपने मोजून ठेवलेली असावी. उभी घडी घातलेली मशीन लिफ्टमध्ये मावली नाही तर हमाल मजल्यागणिक पैसे सांगतात, आणि चौदाव्या मजल्यावर तो आकडा मोठा होतो.